प्रयागबाई विरुद्ध नानाजी

नमराने झेरॉक्सची जुडी शिपायाच्या हातात दिली आणि ती न्यायाधीशांच्या टेबलावर पोचेपर्यंत थांबली. मग आवाज थोडा चढवून म्हणाली,

"सर, या मुद्द्यावर नागपूर खंडपीठाचं रुलिंग आहे. प्रयागबाई विरुद्ध नानाजी."

"हजर हाओ."

आवाज मागून आला. नमराने मान वळवली. शेवटच्या बाकाजवळ एक म्हातारी भिंतीला हात टेकून उभी होती. हिरवट लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर ठळक कुंकू, हात जोडण्याच्या बेतात अर्धवट वर आलेले. तिच्या शेजारी बसलेल्या रामीबाईने, याच दाव्यातल्या वादी बाईने, तिला जागा व्हावी म्हणून अंग चोरलं. वाशिम जिल्ह्यातल्या या मालेगावच्या कोर्टात दिवसभर माणसं अशीच उठत-बसत असतात, चुकीच्या पुकाऱ्याला धावत येतात, त्यामुळे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते.

"पुढे बोला, मॅडम."

नमरा पुढे बोलली. तिचा पक्षकार रामधन, शिरपूरचा. त्याचा मोठा भाऊ वारला आणि भावाच्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या रामीबाईने शेतात हिस्सा मागितला. पाट लावून, दुसऱ्या लग्नाच्या रीतीने आलेली बायको आहे मी, हे तिचं म्हणणं. पाट लागलाच नव्हता, हे रामधनचं. माणसं वर्षानुवर्षं नवरा-बायकोसारखी राहिली की कायदा त्यांना नवरा-बायको धरून चालतो. नमराला ते गृहीतक मोडायचं होतं, आणि ते कधी मोडतं हे सांगणारं प्रयागबाईच्या रुलिंगइतकं नेमकं दुसरं काही नव्हतं. पाट लागताना हजर असलेला एकही साक्षीदार आला नाही, तर नुसतं सोबत राहणं पुरेसं नाही. रामीबाईकडेही साक्षीदार नव्हता. पाटाला बसलेली माणसं एकतर मेली होती, नाहीतर रामधनच्या भावकीतली होती.

हे रुलिंग नमराला सॉफ्टवेअरमध्ये सापडलं होतं. वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं ते सॉफ्टवेअर हीच तिची खरी ताकद होती. बार रूममधल्या लोखंडी कपाटांत लाल पाठीचे जाडजूड खंड धूळ खात उभे असत आणि तिथेच खिडकीजवळ बसून नमरा लॅपटॉपवर दोन शब्द टाकून पन्नास वर्षांचे निवाडे चाळत असे. तिच्याहून वयाने मोठे वकीलही हळूच खुर्ची ओढून विचारत, "नमराबेटी, आपल्या बाजूचं काही निघते का पाह्य बरं."

तारीख पडली. नमरा बाहेर आली तेव्हा म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. आवारात नवा लाल मुरूम टाकला होता आणि तिचे अनवाणी पाय घोट्यापर्यंत त्या धुळीने माखले होते.

"बाई, माह्यं नाव काहून घेतलं?"

"तुमचं नाही आजी. ते एका जुन्या केसचं नाव आहे."

"प्रयागबाई म्हटलं ना?"

"हो."

"अन् नानाजी?"

"हो."

"मंग माह्यंच हाय ते." म्हातारीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "जजसाहेबानं इचारलं, तुह्या पाटाले कोन कोन होतं. म्या मागं वळून पाह्यलं. सारे होते गावचे. एक बी उठला नाही."

नमराला हसू आलं. प्रयागबाई नावाच्या म्हाताऱ्या या भागात काही कमी नाहीत, आणि उतारवयात माणूस ऐकलेलं आपलंच मानू लागतो.

"कशा आल्या तुम्ही? सोबत कोणी नाही?"

"नाव घेतलं का याव लागते," म्हातारी म्हणाली.

नमरा तिच्यासाठी पाणी आणायला कँटीनकडे गेली. ग्लास घेऊन परतली तोवर पायरी मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये लालसिंग वकील तिच्या समोर येऊन बसले. रामीबाईचे वकील तेच होते. सत्तरी ओलांडलेले, अजूनही कपाटातला खंड स्वतः काढून वाचणारे, आणि कोर्टात विरुद्ध उभे राहिले तरी बाहेर नमराला बेटा म्हणणारे.

"बेटा, एक सांगू? ते रुलिंग वापर. माह्या विरोधात हाय, तरी वापर. पन नाव नको घेऊ. साल सांग, पान सांग. आमी सारे तसंच करतो."

"का बरं, काका?"

लालसिंगांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. "तुले दिसली ना काल?"

नमराने लॅपटॉप मिटला.

"म्या पहिल्यांदा ते रुलिंग वापरलं तवा नवाच होतो. बाई आली, मागं उभी राह्यली. चांगली हातीपायी धड बाई होती तवा. मले वाटलं, असन कोनी. मंग वाशिमले वापरलं, तिथं आली. अकोल्याले वापरलं, तिथं बी. दर वेळी थोडी म्हातारी होऊन येते."

"तुम्ही तिला काही विचारलं नाही?"

"मी तिच्या डोळ्याले डोळा देतच नव्हतो," लालसिंग म्हणाले आणि उठले.

घरी जाताना नमराने मनातल्या मनात लालसिंगांना दाद दिली. काय शिताफीने खेळला म्हातारा. कुठूनतरी एक आजीबाई आणून बसवली, तिला दोन वाक्यं पढवली, आणि आता समोरच्या वकिलीणीने आपलं सर्वांत जड रुलिंग दबकत दबकत वापरावं म्हणून ही कहाणी. पण तिच्या पायांची धूळ तिला आठवत राहिली. गाडीतून आणून बसवलेल्या बाईचे पाय असे भरत नाहीत.

त्याच आठवड्यात वाशिमला जिल्हा न्यायालयात तिचं एक अपील होतं. वेगळे पक्षकार, वेगळा वकील. लालसिंगांचा काही संबंध नाही. प्रयागबाईचं रुलिंग तिथे ओढूनताणूनच लागू होत होतं. तरी तिने ते घेतलं. खरं तर त्यासाठीच घेतलं. कोर्टाच्या बोळात रंगकाम चाललं होतं, भिंती खरवडलेल्या चुन्याची पांढरी भुकटी फरशीभर पसरली होती. नमराने घसा साफ केला आणि दोन्ही नावं स्वच्छ उच्चारली.

दार ढकललं गेलं. म्हातारी आत आली, चौकटीला धरून उभी राहिली.

"हजर हाओ."

नमराने हातातला कागद टेबलावर ठेवून वरून तळवा दाबला. न्यायाधीशांनी काही विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं. युक्तिवाद संपवून ती बाहेर पळाली तेव्हा बोळात भुकटीवर अनेकांच्या चपलांचे ठसे होते. त्यांत एक अनवाणी पाऊल होतं, बाहेरच्या दिशेला गेलेलं.

रविवारी ती आसेगावला गेली. निवाड्यात प्रयागबाईचा पत्ता होता, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर. स्टँडवर उतरून तिने पानटपरीवाल्याला विचारलं. त्याने लगेच बोट दाखवलं. "जिवंत हायत ना. ते निळं फाटक. पन बोलतीन का, सांगता येत नाही."

निळ्या फाटकातून तिशीतली एक बाई बाहेर आली. प्रयागबाईच्या भावाची नातसून, वर्षाराणी. नमराने वकील असल्याचं सांगितलं, जुन्या केसबद्दल बोलायचं आहे म्हणाली. वर्षाराणीने तिला आत नेलं.

खिडकीखालच्या खाटेवर ती होती. तीच. फक्त इथे ती खाटेला चिकटल्यासारखी बारीक दिसत होती आणि पांघरुणाखाली कमरेपासून खालचा भाग असल्यासारखा वाटतच नव्हता.

"लई वर्सं झाले, खुबा मोडला तवापासून खाटेवरच हायत," वर्षाराणी सांगू लागली. "कूस बी मलेच बदलाव लागते. बाकी काही तरास नाही त्याहीचा. तेवढं एक सोडलं तं."

"काय?"

वर्षाराणी ओशाळून हसली. "तुमी हसान. कधीमधी भरदुपारी म्हनते, हजर हाओ. अन् मंग पाय पाह्यले तं मातीनं भरलेले. मले वाटे, लेकरंच काही करत असतीन. पन इतक्यात दोनदा झालं. एकदा लाल माती, तशी आमच्या गावात नाहीच. अन् परवा पांढरं, चुन्यावानी. घासघासून काढलं तरी भेगांतलं निघालं नाही."

तिने पांघरूण बाजूला केलं. टाचांच्या भेगांमध्ये पांढऱ्या रेघा होत्या. नमरा वाकून पाहत राहिली. मग तिचं लक्ष स्वतःच्या चपलांकडे गेलं. शिवणीत तीच भुकटी अडकून होती. तिने पाय मागे घेतले.

म्हातारीने डोळे उघडले.

"वकीलीन आली काय?"

वर्षाराणीने चमकून नमराकडे पाहिलं. "वळखतात तुमाले?"

"आजी," नमरा खाटेच्या कडेशी बसली. आता विचारायचं काय, हे तिला सुचेना. इतक्या लांब ती खोटं पकडायला आली होती.

प्रयागबाईनेच विचारलं. "माही केस कुठवर आली?"

"कोणती केस?"

"मले तं एकच हाय." म्हातारी दमून थांबली. "खाली हारली. मंग वकिलानं नागपूरले अपील टाकलं. म्हने, निकाल लागला का सांगतो. मंग तो वकील मेला. मंग मले कोनी काही सांगतलं नाही. पन पुकारा होते. म्हंजे चालूच हाय ना? चालू असल्याबिगर पुकारा कायले होईन?"

नमराच्या पर्समध्ये फोन होता. त्या फोनवर तो निवाडा होता, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. कितीतरी कोर्टांत कितीतरी वकिलांनी तो वाचून दाखवला होता. तिनेही, परवाच. ज्या बाईचं नाव घेऊन सगळे जिंकत आले, तिला आपण हरलो हे ठाऊक नव्हतं.

ओठांपर्यंत आलेलं नमराने गिळलं आणि वकील पक्षकाराला रोज सांगतो तेच सांगितलं.

"चालू आहे आजी. उद्या तारीख आहे."

"मंग येतो मी," म्हातारी म्हणाली.

"कुठं येता आजी, अन् कशा?" वर्षाराणी हसत हसत पांघरूण सारखं करू लागली.

सोमवारी मालेगावच्या कोर्टात पंखे गरगरत होते तरी हवा हलत नव्हती. अखेरच्या युक्तिवादाची तारीख. रामधन पांढरा सदरा घालून पहिल्या बाकावर बसला होता. रामीबाई शेवटच्या बाकावर, एकटी. नमराने रात्रभर विचार करून एकच ठरवलं होतं. आज नाव घ्यायचं नाही. सालाने आणि पानाने काम भागतं.

तिने तसंच केलं. साल सांगितलं, खंड सांगितला, पान सांगितलं. लालसिंग समोरच्या टेबलावरून तिच्याकडे पाहत होते. त्यांनी मान किंचित हलवली.

"एक मिनिट हं, मॅडम." न्यायाधीशांनी समोरच्या संगणकावर टाइप केलं, डोळे बारीक केले आणि पडद्यावरचं वाचलं. "प्रयागबाई… विरुद्ध… नानाजी. हेच ना?"

नमराने मागे पाहिलं.

म्हातारी रामीबाईच्या शेजारी बसलेली होती. नाव ऐकताच बाकाच्या पाठीला धरून उठली. आज तिने केस विंचरले होते.

"हजर हाओ."

लालसिंगांनी मान खाली घातली. बाकी कोणी काही ऐकल्याचं दिसलं नाही. रामधन जांभई देत होता.

"सर," नमराचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "रुलिंग इंग्रजीत आहे. त्याचा शेवटचा भाग मराठीत सांगितला तर चालेल का? पक्षकारांना कळावं म्हणून."

न्यायाधीशांना थोडं नवल वाटलं, पण त्यांनी हात हलवून परवानगी दिली.

नमरा अर्धी वळून उभी राहिली, एक खांदा न्यायासनाकडे, एक मागच्या बाकाकडे. कागदावरचं इंग्रजी वाक्य मनात उलटवत ती सावकाश बोलू लागली. प्रयागबाई ही नानाजीच्या घरी बरीच वर्षं राहिली, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. तिने त्याच्या घरचं आणि शेतातलं काम केलं, हेही मान्य आहे. पण पाट लागला त्या वेळी हजर असलेला एकही साक्षीदार तिने आणलेला नाही. म्हणून ती नानाजीची कायदेशीर पत्नी असल्याचं शाबीत होत नाही. अपील फेटाळण्यात येत आहे.

"म्हंजे?" म्हातारीने विचारलं.

नमराला आपण कोर्टात उभे आहोत याचं भान उरलं नाही.

"म्हंजे हरल्या आजी तुमी. लई वर्सांआधीच हरल्या."

"मॅडम?" न्यायाधीश म्हणाले.

"काही नाही, सर. माझा युक्तिवाद संपला."

म्हातारी तशीच उभी होती. तिचा चेहरा पडला नाही की हलला नाही. मग तिने न्यायासनाकडे पाहून रीतसर हात जोडले, पदर पुढे घेतला आणि निघाली. तिला वाट मिळावी म्हणून रामीबाईने पाय आखडून घेतले. दारातून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ती क्षणभर दिसली, मग नाही.

महिनाभराने निकाल लागला. रामीबाईचा दावा फेटाळला. निकालपत्रात प्रयागबाईच्या रुलिंगवर एक अख्खं पान होतं. रामधनने तिथल्या तिथे पेढ्यांचा बॉक्स फोडला. नमराने तो हाताने बाजूला सारला आणि शेवटच्या बाकाकडे गेली. रामीबाई अजून बसून होती. पुकारा झाला, कागद झाले, सगळे उठले, आणि काय ठरलं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुमी हरल्या," नमराने तिच्याजवळ बसत सांगितलं. "शेत रामधनकडं राहीन. तुमाले वरच्या कोर्टात जाता येते. लालसिंग काका सांगतीन कसं ते."

रामीबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. समोरच्याची वकील आपल्याला हे का सांगते आहे, हे तिला कळत नव्हतं. मग तिने मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि पिशवी उचलून लालसिंगांना शोधायला गेली.

नमरा तिथून थेट स्टँडवर गेली आणि आसेगावला पोचली. आपण माफी मागायला चाललो आहोत की पाहायला, हे तिला बसमध्ये शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

खाट खिडकीखालीच होती. प्रयागबाई उशीला टेकून बसलेली, आणि तिचं कपाळ कोरं होतं. त्यावर जुन्या कुंकवाचा फिकट गोल तेवढा उरला होता, इतक्या वर्षांत कातडीत मुरलेला.

"त्या सोमवारी दुपारी आरसा मागतला," वर्षाराणी चहाचा कप पुढे करत हळू आवाजात म्हणाली. "अन् सोताच्या हातानं पुसलं. बांगड्या बी काढल्या. मले तं काही समजलं नाही. नानाजी मरून तीसेक वर्सं झाले असतीन. तवा साऱ्यांनी सांगतलं तरी पुसलं नव्हतं."

"तवा कसं पुसू?" खाटेवरून आवाज आला. म्हातारीला सगळं ऐकू येत होतं. "बायको हाओ का नाही, ते कोर्टात होतं. पुसलं अन् कोर्ट म्हने नव्हतीच, तं लोक हासतीन. नाही पुसलं अन् कोर्ट म्हने होती, तं मले पाप. म्हटलं, निकाल लागू दे."

"पण आजी," नमराला शब्द जुळवावे लागले, "निकाल तर नव्हती असाच लागला."

"कोर्टाचं झालं सांगून." प्रयागबाईने कपाळावरून हात फिरवला. "आता कोनाची वाट पाहाची नाही. माहा नवरा मेला, म्या पुसलं."

नमराने मान खाली घातली. पांघरुणाबाहेर आलेले पाय स्वच्छ होते, टाचांच्या भेगांपर्यंत.

म्हातारीने विचारलं, "ते पोरगी, माह्या बाजूले बसली होती ते. तिचं काय झालं?"

"हरली. अपील करणार आहे."

"नागपूरपर्यंत जाईन?"

"जाईल कदाचित."

"मंग तिचं बी नाव घेसान तुमी लोक." म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं. "तिले सांगून ठेवजो. नाव घेतलं म्हनून उठाचं नाही म्हना. बसून राहाचं."

"सांगते," नमरा म्हणाली.

वर्षाराणी मघापासून हातात रिकामी बशी धरून उभी होती. ती खाटेजवळ सरकली आणि खाली वाकून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं,

"कुठं बसली होती आजी, ते पोरगी?"

प्रयागबाईने डोळे मिटले होते. वर्षाराणीने नमराकडे पाहिलं. नमराने कप खाली ठेवला आणि शेवटची बस कितीला आहे, ते विचारलं.